फ्रिजच्या जाहिरातीतलं घर

सोमवार, ४ तारीख

डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी बीपी मोजा आणि लिहून ठेवा. आकडा लिहून झाला की पान उरतं. कोरं पान वाया घालवायची मला सवय नाही, म्हणून खाली बाकीचं लिहिणार आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे मोठे शब्द येणार नाहीत. तसंही हे कोणी वाचायला बसलेलं नाही.

आज बीपी वाढलंय. कारण शनिवारी नातजावई बॅग घेऊन गेला.

भांडण नाही, आदळआपट नाही. दोघं माझ्यासमोर सोफ्यावर बसले आणि बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं नातीने सांगितलं, "आजी, आम्ही वेगळे होतोय." तो म्हणाला, "आजी, तुमच्या-माझ्यात काही बदलणार नाही." मी म्हटलं, "बदलायला आपल्यात होतं काय? तुम्ही पळायला जायचात तेव्हा मी झोपलेली, मी उठायचे तेव्हा तुम्ही झोपलेले." हसला. माणूस चांगला आहे. वाईट असता तर सोपं गेलं असतं, मला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

नात बॅडमिंटन खेळते. तो लांब पल्ल्याच्या शर्यती पळतो. दोघांना न ओळखणारा माणूस रस्त्यात सापडायचा नाही, आणि तो खेळामुळे नव्हे. फ्रिजच्या जाहिरातीमुळे. जाहिरातीत हा पळून घामाघूम होऊन येतो, फ्रिज उघडतो. आत केकचा शेवटचा तुकडा. खायला जातो, थांबतो, सुरीने बरोबर अर्धा कापतो आणि अर्धा तिच्यासाठी ठेवतो. मग ती येते, अर्धा तुकडा बघते आणि हसते. बस, एवढंच. एवढ्यावर शहरातल्या बायका नवऱ्यांना टोमणे मारतात.

याच महिन्यात मोठी स्पर्धा आहे, आणि ती आपल्याच शहरात. नात म्हणाली, "सामने संपेपर्यंत कोणाला कळायला नको आजी. नंतर मीच सांगेन. माझ्या तोंडाने." हे माहीत असलेले आम्ही चौघं. ती, तो, तिची मॅनेजर बाई आणि मी. स्वयंपाकीणबाईंना सांगितलंय की तो डोंगरात सरावाला गेलाय.

माझ्याकडून काही बाहेर जाणार नाही. माझ्या नणंदेचं खरं वय मी ती मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

बुधवार, ६ तारीख

भाजी आणायला गेले. भाजीवाला म्हणाला, "काय आजी, जावई दिसले नाहीत चार दिवस?" सांगितलं, डोंगरात गेलेत. तो म्हणाला, "मग केकचं कसं करता?" आणि स्वतःच हसला. औषधाच्या दुकानात एक बाई, ओळख ना पाळख, माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या नातजावयासारखा नवरा शोधून सापडायचा नाही हो." मी म्हटलं, खरं आहे, शोधलं तर सापडत नाही.

घरी येऊन नातीला सांगितलं. ती पायाला पट्टी बांधत होती. चिडलीच. "त्यांना काय करायचंय आजी? मी चेहरा भाड्याने दिलाय, घर नाही दिलेलं."

"अगं, पण जाहिरातीतला तो ओटा आपलाच आहे की. माझा पुसायचा फडका दिसतो त्यात नळावर."

"तो त्यांनी धुऊन, इस्त्री करून लावला होता."

"म्हणजे फडका खोटा आणि ओटा खरा?"

"सगळंच खोटं होतं. केक थर्माकोलचा होता."

"हे त्या औषधाच्या दुकानातल्या बाईला सांगू का?"

"आजी!"

पण मला कळत नाही. आपणच पडदा बाजूला सारून लोकांना आत बघा म्हणायचं, वर त्याचे पैसे घ्यायचे, आणि मग बघतात म्हणून रागवायचं. उलट असंही वाटतं की दुकानदार दिवसभर गल्ल्यावर बसतो, म्हणून त्याच्या न्हाणीघरात कोणी डोकावत नाही. दोन्ही पटतं. दोन्ही पटलं की माझं डोकं दुखतं.

शुक्रवार, ८ तारीख

आज कपाट आवरलं. नातजावयाचं कपाट रिकामं असेल म्हटलं तर खालचे दोन कप्पे बुटांनी गच्च. नवेकोरे. बुटांची कंपनी फक्त त्याच्यासाठी बनवते ते, भडक पिवळे, टाचेवर सोनेरी अक्षरात त्याचं नाव. दुकानात मिळत नाहीत. त्याला फोन केला. म्हणाला, "द्या टाकून आजी, मला नवे येतात."

द्या टाकून म्हणे! पाय बुडतील असे मऊ तळवे, शिवण कुठे उसवलेली नाही. मी पिशव्या भरल्या आणि खाली गेले. एक जोड वॉचमनला, एक भाजीवाल्याला, एक इस्त्रीवाल्याला. उरलेले जिना झाडणाऱ्या बाईच्या घरी, तिला मुलगे पुष्कळ. भाजीवाल्याला मोठे होतात, त्याला म्हटलं पुढे कागद कोंबा. वॉचमनने तिथेच घातले आणि गेटपर्यंत पळून दाखवलं.

वर आले तर नातीचा सराव संपवून फोन, सगळं ठीक ना. म्हटलं, ठीक. घरातून चकार शब्द बाहेर गेलेला नाही.

सोमवार, ११ तारीख

गेला. बाहेर गेला.

सकाळी खिडकी उघडली तर गेटसमोर कॅमेरेवाले, जणू खाली कोणी पाण्यात पडलंय आणि वर काढायचंय. पेपरात पहिल्या पानावर दोघांचा फोटो, मध्ये फाडल्यासारखी वाकडी रेघ, आणि खाली, धावपटूने घर सोडले? प्रश्नचिन्ह घातलं की काहीही छापता येतं असं दिसतं. आतल्या पानावर आमच्या भाजीवाल्याचाही फोटो होता. म्हणजे गुडघ्यापासून खालचाच. फोटो काढणाऱ्याला कॅमेरा नीट धरता येत नसावा. बूट मात्र छान आले होते.

मॅनेजर बाई धावत आली. ही बाई बोलते तेव्हा दोन फोन हातात असतात आणि दोन्हीवर कोणीतरी वाट बघत असतं. म्हणाली, "घरातूनच गेलंय हे. आजी, तुम्ही शुक्रवारी..."

नात एकदम मध्ये पडली. "आजीला काही विचारायचं नाही."

"अगं पण..."

"नाही म्हणजे नाही."

माझ्या बीपीची काळजी करते पोरगी. नको म्हटलं तरी करते.

पण मी काय गप्प बसणार? मला स्वयंपाकीणबाईंचा संशय. गेल्या आठवड्यात दोनदा विचारलं त्यांनी, "अंडी कोणी खात का नाही हो?" अंड्यांवरून माणूस बरंच काही ओळखतो. म्हणून मी सापळा लावला. भांडी विसळताना सहज म्हटलं, "कोणाला सांगू नका, पण नात पुढच्या महिन्यापासून डाव्या हाताने खेळणार आहे."

त्या म्हणाल्या, "बरं. म्हणजे उजवा जेवायला मोकळा."

बुधवार, १३ तारीख

डाव्या हाताची बातमी कुठेही आली नाही. सगळे पेपर वाचले, जाहिरातींसकट. स्वयंपाकीणबाई सुटल्या. त्यांना बरं वाटावं म्हणून जुना स्वेटर दिला, कारण सांगितलं नाही. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि विचारलं, "भोक कुठे आहे?" बाई हुशार आहे.

आता संशय वॉचमनवर. हल्ली फार ऐटीत चालतो.

मंगळवार, १९ तारीख

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. रोज तेच, खाली कॅमेरे, वर पडदे ओढलेले, दिवसाढवळ्या दिवे लावून बसायचं.

आज स्पर्धा सुरू झाली. मी टीव्हीवर पाहिलं. मला बॅडमिंटन कळत नाही. फूल इकडून तिकडे जातं, मध्येच पडतं आणि कोणीतरी मूठ वळतं. पण आज तिचा शर्ट पाठीला चिकटलेला, गुडघा टेकला दोनदा, तरी उठली आणि जिंकली. तिच्याहून दहा वर्षांनी लहान पोरीला हरवलं. मग पत्रकारांनी समोर माइकांचं झाड धरलं. पहिला प्रश्न, "ते सामना बघायला का आले नाहीत?"

ती म्हणाली, "तिसऱ्या गेममध्ये मी मागे होते, तिथून..."

"पण ते आले का नाहीत?"

ती बाटलीतलं पाणी प्यायली. सगळं पाणी संपेपर्यंत प्यायली. मग उठून गेली.

टीव्हीवरची बाई म्हणाली, उत्तर टाळलं. मी टीव्ही बंद केला. तरी ती बाई आत बोलतच असेल.

गुरुवार, २१ तारीख

फ्रिज कंपनीचे साहेब आले होते. गोड बोलणारा माणूस, टाय इतका घट्ट की आवाज नाकातून येतो. मी मनात टायवालाच म्हणते. सोबत कागद आणलेला, त्यावर खुणेची रेघ. मॅनेजर बाईने वाचलं. जाहिरात चालू आहे तोवर कुटुंबाचं चित्र बिघडेल असं काही करायचं नाही, असं लिहिलंय. खाली दोघांची सही.

टायवाला म्हणाला, "आम्ही खोटं बोला म्हणत नाही. दोघं आपल्या घरात, आपल्या ओट्याशी, एक लहानसा व्हिडिओ. फक्त केक खायचा. लोकांची तोंडं बंद होतील, तुम्ही निवांत खेळा."

नात म्हणाली, "हे माझं खाजगी आयुष्य आहे."

"मान्य. पण मॅडम, लोकांनी नुसता फ्रिज नाही घेतला. तुमचं घर बघून घेतला."

मी म्हटलं, "यात तथ्य आहे हो."

नातीने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून गॅस बंद आहे का बघायला गेले. गॅस लावलेलाच नव्हता.

तो गेल्यावर ती म्हणाली, "तुलाही असंच वाटतं?"

"मला वाटतं तू सही केलीस. वाटतं की टायवाला त्याच सहीवर बोट ठेवतोय. आणि वाटतं की तू नीट झोपत नाहीस. तिन्ही खरंच आहे."

"काल-आजचे दोन्ही सामने जिंकले, आता शनिवारी उपांत्य सामना आहे आजी. व्हिडिओ केला तर निदान तोवर सोडतील मला."

नातजावयालाही फोन झाला. तो म्हणाला, एक दुपार तर आहे. तो सगळ्याच गोष्टी असं अंतर मोजून सांगतो.

शुक्रवार, २२ तारीख

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझंच मला खोटं वाटेल.

दुपारी व्हिडिओवाले आले. दिवे, तारा, छत्र्या. माझं स्वयंपाकघर त्यांनी पुसून काढलं, तेही मी पुसलेलं असताना. नातजावई आला. दोघं एकमेकांना "बरी आहेस?" "बरा आहेस?" म्हणाले आणि मग ओट्याच्या दोन टोकांना उभे राहिले. या वेळी केक खरा होता.

घर सजवणारी मुलगी दाराशी काहीतरी शोधत होती. तिने मला विचारलं, "सरांचे ते पिवळे बूट कुठेत? दाराशी ठेवायचेत, म्हणजे ते इथेच राहतात असं वाटेल."

मी म्हटलं, "नाहीत. दिले."

"कोणाला?"

"वॉचमनला, भाजीवाल्याला, इस्त्रीवाल्याला, आणि जिना झाडणाऱ्या बाईच्या मुलांना."

दिवेवाला शिडीवरच थांबला. टायवाल्याने टाय सैल केला. मॅनेजर बाईने दोन्ही फोन खाली ठेवले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. नातजावई म्हणाला, "आजी, कधी दिले?"

"तुम्हीच म्हणालात, टाका. आठ तारखेला."

आणि मग माझं मलाच कळलं. भाजीवाल्याचा तो गुडघ्याखालचा फोटो. ज्याचे बूट जगात दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत, त्याचे बूट सगळ्या गल्लीच्या पायात. तो घरी राहत असता तर ते असे वाटून टाकले असते का?

मी नातीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"पेपर आला त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू सगळ्यांच्या पायातून ते काढून आणले असतेस."

हे खरं आहे. आणलेच असते.

दहा-बारा दिवस पोरगी पडदे ओढून बसली, माइकांपुढे पाणी पीत राहिली, आणि मी घरात बसून स्वयंपाकीणबाईंना सापळे लावत होते. मला फार वाईट वाटलं असं लिहिणार नाही. बूट चांगले होते, टाकायचे नव्हतेच. पण पोरीचं आता माझ्यावर देणं झालं.

म्हणून व्हिडिओवाल्यांचा दिग्दर्शक जेव्हा म्हणाला, "आजींनाच घेऊया, आजी खऱ्या वाटतात, आजींनी फक्त म्हणायचं, अहो यांच्यात काही नाही, लोक उगाच बोलतात," तेव्हा मी लगेच म्हटलं, म्हणते. त्यांनी मला खुर्ची दिली, गालाला काहीतरी चोपडलं. मी पाठ केलं. अहो यांच्यात काही नाही. एकदा म्हटलं. दिग्दर्शक म्हणाला, हसून म्हणा. हसून म्हटलं. म्हणाला, जरा कमी. कमी हसले.

चौथ्यांदा तोंड उघडलं तेवढ्यात नातीने हातातला चमचा ओट्यावर ठेवला.

"थांबवा."

टायवाला म्हणाला, "मॅडम, छान चाललंय."

"माझ्या चेहऱ्याचे पैसे तुम्ही दिलेत, त्याचं काय करायचं ते केलंत. हिच्या चेहऱ्याचे कोणी दिलेले नाहीत. तिला खोटं बोलायला लावायचं नाही."

मी म्हटलं, "अगं मला चालेल. मी नणंदेचं वय..."

"आजी, तू गप."

टायवाला म्हणाला, "लोकांना काय सांगायचं मग? त्यांनी तुमचं घर बघून..."

"त्यांनी फ्रिज घेतलाय. तो गार करतो. करत नसेल तर दुकानात घेऊन जावं." मग ती नातजावयाकडे वळली. "मी सांगून टाकते. चालेल?"

त्याने केकचा तुकडा तोंडात टाकलेला होता. मान हलवली. वर म्हणाला, "मी येऊ का खाली?"

"नको. तू आलास तर तुझ्याकडेच बघतील."

ती घरातल्या चपला घालून खाली गेली. आम्ही सगळे खिडकीशी. टायवालासुद्धा. कॅमेरे तिच्याकडे धावले. तिने हात वर केला, ते थांबले. आवाज वरपर्यंत स्वच्छ आला.

"आम्ही वेगळे झालोय. का, ते आमचं आम्हाला ठेवायचंय. याच्यापुढे त्यावर काही बोलणार नाही. उद्या माझा उपांत्य सामना आहे. खेळाबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर मी इथे उभी आहे."

ती उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. एकानेही काही विचारलं नाही. एकाने कॅमेरा खाली करून नाक पुसलं.

मग ती वर आली आणि म्हणाली, भूक लागलीय. उरलेला केक मी, ती, नातजावई आणि तो शिडीवरचा दिवेवाला, सगळ्यांनी मिळून संपवला. टायवाला खात नाही म्हणाला. त्याच्या पोटाचं काहीतरी आहे.

मॅनेजर बाई म्हणते, कंपनी आता जाहिरात काढून घेईल आणि पैसेही मागेल. मागू दे.

शनिवार, २३ तारीख

नातीने घरच्यांच्या रांगेतलं तिकीट दिलं होतं. मी नको म्हटलं. तिथे शेजारची खुर्ची रिकामी, आणि रिकाम्या खुर्चीचे फोटो काढणारे समोर बसलेले. मला वरचं साधं तिकीट आण, म्हटलं. गुडघे दुखत होते तरी वर चढले.

शेजारी एक जाडजूड बाई बसली. भेळेच्या गाडीवर बोलावं तसं बोलायला लागली, ओळख नसताना. "ऐकलंत ना? नवरा सोडून गेला बिचारीला."

मी म्हटलं, "हो का?"

"मला तर आधीच वाटलं होतं. जाहिरातीतच दिसत होतं हो. त्याने अर्धा ठेवला तो लहान अर्धा होता."

माझ्या जिभेवर सात उत्तरं आली. एकेक अशी की बाई परत कधी केक खाणार नाही. सातही गिळली. माझ्या वयात हे सोपं नसतं.

"तुम्ही कोण तिच्या? लांबून आलात का?"

"कोणी नाही. खेळ बघायला आलेय."

"तुम्हाला कळतो खेळ?"

"अजिबात नाही."

मग त्या बाईला दया आली. सांगायला लागली. फूल रेषेच्या आत पडलं तर इकडचा गुण, बाहेर पडलं तर तिकडचा, एकवीस झाले की एक गेम. बाईला चांगली माहिती होती. सुरुवातीला मध्येच, "आता म्हणे तो दुसरीबरोबर..." असं चालायचं. मग नातीने एक फूल पार मागच्या रेषेवरून, उलटी वळून, जाळीला घासून टाकलं. बाई वाक्य अर्धं टाकून उभी राहिली. सगळी माणसं उभी राहिली. मला उभं राहायला वेळ लागला तोवर पुढचं सुरू झालेलं.

तिसऱ्या गेममध्ये बाई माझा दंड धरून बसली होती. इतका घट्ट की आता निळा झालाय. एकही शब्द नाही. नवरा नाही, केक नाही. फक्त, "पळ. पळ. अगं पळ."

हरली. शेवटच्या दोन गुणांनी. समोरच्या पोरीने जाळीपाशी येऊन तिला मिठी मारली आणि ती त्या पोरीच्या कानात काहीतरी बोलली, ती पोरगी हसली. काय बोलली ते कोणाला ऐकू गेलं नाही. मी विचारणार नाही.

बाई डोळे पुसत होती. "काय खेळली हो! काय खेळली!"

जिन्यात माझ्यासाठी थांबली, हात दिला. खाली उतरल्यावर म्हणाली, "पुढचा सामना कधी असेल हो हिचा? मी येणार."

मी म्हटलं, "मला काय माहीत बाई? मी तिची कोण लागते?"